काळ्या वाळूचा किनारा आणि ५४ डॉल्फिन

न्यूझीलंडला जायचं ठरलं की बहुतेक भारतीय कुटुंबांची यादी ठरलेलीच असते. ऑकलंडचा उंच मनोरा, रोटोरुआचे वाफाळते झरे, हॉबिटनची बुटकी घरं आणि शेवटी क्वीन्सटाउनचे बर्फाळ डोंगर. यादी छानच आहे, पण तिच्यात एक किनारा सहसा नसतो. उत्तर बेटाचा पश्चिम किनारा. तिथे ना मोठे मॉल आहेत, ना रोषणाई. आहे ती काळी वाळू, टास्मान समुद्राच्या दणदणीत लाटा आणि त्या लाटांमध्ये कुठेतरी फिरणारे जगातले सगळ्यात दुर्मीळ डॉल्फिन.

किती दुर्मीळ? २०२०-२१च्या गणनेनुसार एक वर्षाहून मोठे फक्त ५४. तुमच्या सोसायटीच्या एका विंगेत याहून जास्त माणसं राहत असतील.

आणि या ५४ जणांच्या मागे लागलेल्या संकटांपैकी एक संकट समुद्रातलं नाहीच. ते जमिनीवरून येतं. नेमकं सांगायचं तर मांजरांच्या विष्ठेतून. वाचून विचित्र वाटलं ना? चला तर मग, या किनाऱ्याने एक फेरी मारू या. वाटेत हा गुंता उलगडत जाईल.

पहिला थांबा : पिहा

ऑकलंड शहरातून पश्चिमेला साधारण ४० किलोमीटर गेलात की पिहा येतं. रस्ता वायटाकेरेच्या दाट जंगलातून वळणं घेत उतरतो आणि एका वळणावर अचानक खाली समुद्र दिसतो. किनाऱ्याच्या मधोमध एक प्रचंड कातळ उभा आहे. बसलेल्या सिंहासारखा दिसतो म्हणून त्याचं नाव लायन रॉक.

मुलं बरोबर असतील तर एक छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. इथली वाळू काळी आहे ती लोखंडामुळे. दक्षिणेकडच्या तारानाकी भागातल्या ज्वालामुखींच्या खडकांची झीज होऊन तयार झालेली ही वाळू समुद्राच्या प्रवाहांनी उत्तरेकडे आणून पसरली. चुंबक टेकवलं की काळ्या कणांची दाढी उगवते. मुलं तासभर रमतात. मात्र उन्हाळ्यात ही वाळू इतकी तापते की अनवाणी चालणं अशक्य होतं, तेव्हा चपला काढू नका. आणि पोहायचं असेल तर जीवरक्षकांनी लावलेल्या दोन झेंड्यांच्या मधेच. इथले आत ओढणारे प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही दमवतात.

याच किनाऱ्याजवळच्या उथळ, गढूळ पाण्यात माउई डॉल्फिन राहतात. किनाऱ्यापासून फार दूर जायची त्यांना सवय नाही. त्यांची लांबी पावणेदोन मीटरच्या आतच, म्हणजे उंच माणसाएवढी. वजन सुमारे ५० किलो. अंगावर राखाडी, काळ्या आणि पांढऱ्या रंगाचे पट्टे. ओळखायची खूण म्हणजे पाठीवरचा पर. इतर डॉल्फिनांचा पर कोयत्यासारखा वळलेला असतो, यांचा मात्र गोल, मिकी माउसच्या कानासारखा. लहान मूलही चित्रात बघून ओळखू शकेल.

पण खरं सांगायचं तर पिहाच्या किनाऱ्यावर उभं राहून तुम्हाला ते दिसण्याची शक्यता फार कमी आहे. शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्यावर ५४ डॉल्फिन. तेव्हा त्यांना बघायला नाही, तर त्यांचं घर बघायला जायचं, असं मनाशी ठरवूनच इथे या.

नाव कसं पडलं?

मावरी लोकांच्या पुराणकथेत माउई नावाचा एक पराक्रमी, खोडकर वीर आहे. त्याने समुद्रात गळ टाकला आणि एक अवाढव्य मासा वर ओढला. तो मासा म्हणजेच न्यूझीलंडचं उत्तर बेट. मावरी भाषेत या बेटाचं नाव आजही ‘ते इका अ माउई’, म्हणजे ‘माउईचा मासा’ असंच आहे. म्हणून इथल्या डॉल्फिनलाही माउईचं नाव मिळालं.

हे नाव तसं अलीकडचं. दक्षिण बेटाभोवती राहणारे यांचे भाऊबंद हेक्टर डॉल्फिन म्हणून ओळखले जातात. एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ आणि वेलिंग्टनच्या संग्रहालयाचे प्रमुख जेम्स हेक्टर यांच्यावरून ते नाव पडलं. २००२ साली शास्त्रज्ञांनी डीएनए आणि कवट्या तपासून दाखवून दिलं, की उत्तरेकडचे हे डॉल्फिन हजारो वर्षांपासून वेगळे पडलेले आहेत आणि ती एक स्वतंत्र उपजात आहे. दोन्ही उपजाती जगात फक्त न्यूझीलंडच्याच पाण्यात आहेत. हेक्टर डॉल्फिन साधारण १५ हजार आहेत. माउई मात्र ५४.

संख्या वाढत का नाही, असं तुम्ही विचाराल. उत्तर त्यांच्या आयुष्यातच आहे. मादीला पहिलं पिल्लू व्हायला सात ते नऊ वर्षं लागतात. पुढे दोन ते चार वर्षांनी एकच पिल्लू. आयुष्य जेमतेम वीस-पंचवीस वर्षांचं. म्हणजे एका मादीला आयुष्यभरात मोजकीच पिल्लं होतात. तज्ज्ञांनी २०१२ साली हिशेब मांडला होता, की ही उपजात टिकायची आणि सावरायची असेल, तर माणसामुळे दहा ते तेवीस वर्षांत एकाहून जास्त डॉल्फिन मरून चालणार नाही. दहा वर्षांत एक!

प्रयोगशाळेतलं कोडं

बरीच वर्षं सगळ्यांना एकच शत्रू माहीत होता, मासेमारीची जाळी. समुद्रात उभी सोडलेली बारीक धाग्याची जाळी या डॉल्फिनांना वेळेवर कळत नाहीत. एकदा अडकला की डॉल्फिन श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतो. हो, डॉल्फिन बुडतो, कारण तो मासा नाही. आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे.

म्हणून किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन वाहून आला की त्याला पामर्स्टन नॉर्थ इथल्या मॅसी विद्यापीठात नेतात. तिथे पशुरोगतज्ज्ञ त्याचं शवविच्छेदन करतात. अंगावर जाळीचे वळ आहेत का, फुप्फुसात काय आहे, पोटात काय आहे, सगळं तपासतात.

वेंडी रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २८ डॉल्फिनांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यात बहुतेक हेक्टर आणि थोडे माउई होते. निष्कर्ष धक्का देणारा होता. २८ पैकी सात जण जाळ्यात अडकून मेलेले नव्हते, म्हातारपणानेही नाही. त्यांची फुप्फुसं, यकृत आणि लसिका ग्रंथी आतून सडल्या होत्या. कारण होतं टॉक्सोप्लाझ्मा गोंडी नावाचा एकपेशीय परजीवी. आणखीही अनेक डॉल्फिनांच्या शरीरात तो आढळला, पण त्यांचा मृत्यू त्याने झालेला नव्हता. सगळे मिळून दर पाचात तीन डॉल्फिनांना त्याची लागण झालेली होती.

प्रश्न असा पडला, की मांजराचा परजीवी भर समुद्रातल्या डॉल्फिनच्या पोटात गेलाच कसा?

हे नाव तुम्ही ऐकलं आहे

घरातल्या बायकांना हे नाव कदाचित आधीच ओळखीचं असेल. गरोदरपणात काही वेळा डॉक्टर ‘टॉर्च’ नावाची रक्ततपासणी सांगतात. त्या नावातला पहिला ‘ट’ म्हणजेच हा टॉक्सोप्लाझ्मा. गरोदरपणात पहिल्यांदाच याची लागण झाली, तर गर्भपात होऊ शकतो किंवा बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा पोचू शकते. एरवी निरोगी माणसाला तो फारसा त्रास देत नाही. थोडा ताप येतो, गाठी सुजतात, बहुतेकांना तर कळतही नाही.

या परजीवीचा शोध १९०८ साली लागला. ट्युनिसमध्ये गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात तो सापडला, त्यावरूनच ‘गोंडी’ हे नाव आलं. पण तो पसरतो कसा, हे पुढची साठ वर्षं कोणाला नीट कळलं नव्हतं. १९७०च्या सुमारास ते कोडं सुटलं. ते सोडवणाऱ्यांमध्ये भारतात जन्मलेले पशुवैद्यकशास्त्रज्ञ जे. पी. दुबे यांचा मोठा वाटा आहे. हा परजीवी कोणत्याही उष्ण रक्ताच्या प्राण्याच्या अंगात राहू शकतो. उंदीर, चिमणी, मेंढी, माणूस, डॉल्फिन, कोणीही चालतं. पण त्याची पुढची पिढी अंड्यासारख्या कणांच्या रूपात बाहेर पडते, ती फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यातून.

मांजराने लागण झालेला उंदीर किंवा पक्षी खाल्ला, की पुढे एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून असे लाखो कण बाहेर पडतात. त्यांना ऊसिस्ट म्हणतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. त्यांचं कवच इतकं चिवट, की ओल्या मातीत ते वर्षाहून जास्त काळ टिकतात. पाण्यातल्या क्लोरीनलाही दाद देत नाहीत. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही महिनोन्महिने जिवंत राहतात.

आता न्यूझीलंडचा विचार करा. या बेटांवर माणूस येण्याआधी जमिनीवर वटवाघळांखेरीज एकही सस्तन प्राणी नव्हता. मांजर तर नव्हतंच. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपीय जहाजांबरोबर मांजरं आली, उंदीर मारायला म्हणून. आज तिथल्या सुमारे ४० टक्के घरांत मांजर आहे, आणि रानात मोकाट वाढलेल्या मांजरांची तर गणतीच नाही. म्हणजे या डॉल्फिनांच्या लाखो वर्षांच्या इतिहासात हा परजीवी अगदी कालपरवा आलेला पाहुणा आहे.

दुसरा थांबा : पोर्ट वायकाटो

ऑकलंडहून दक्षिणेला दीड तासाच्या आसपास गाडी चालवलीत, की वायकाटो नदीचं मुख लागतं. पोर्ट वायकाटो हे छोटंसं, झोपाळू गाव. रुंद नदी संथपणे येते, काळ्या वाळूच्या दांड्याला वळसा घालते आणि टास्मान समुद्रात मिसळते. संध्याकाळी सनसेट बीचवर उभं राहिलात तर नावाचा अर्थ आपोआप कळेल.

वायकाटो ही न्यूझीलंडची सगळ्यात लांब नदी, ४२५ किलोमीटर. उत्तर बेटाच्या मध्यावरच्या टाउपो तलावातून ती निघते. वाटेत धरणं लागतात, हॅमिल्टन शहर लागतं आणि मैलोन्‌मैल हिरवीगार कुरणं लागतात. गाईंची, मेंढ्यांची, गोठ्यांची आणि अर्थातच मांजरांची.

पाऊस पडला की शेतातली, अंगणातली, रस्त्याकडेची घाण ओहोळात जाते. ओहोळ नदीत, नदी समुद्रात. नदीचं मुख माशांनी भरलेलं असतं, म्हणून डॉल्फिनही तिथेच येतात. पण डॉल्फिन काही नदीचं पाणी पीत नाहीत. मग? कॅलिफोर्नियातल्या प्रयोगांत दिसलं, की पाणी गाळून खाणारे अँकोव्ही आणि सार्डीन जातीचे मासे हे कण पोटात साठवतात आणि त्यांच्या पोटातले कण रोग पसरवू शकतात. न्यूझीलंडच्या हिरव्या शिंपल्यांतही या परजीवीचे अंश सापडले आहेत. म्हणजे पाण्यातला कण माशात आणि माशातून डॉल्फिनमध्ये, असा रस्ता असू शकतो.

हे फक्त न्यूझीलंडमध्येच घडतं असं नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची समुद्री ऊदमांजरं याच आजाराने मरतात. ज्या भागात गोड्या पाण्याचे प्रवाह समुद्रात जास्त येतात, तिथल्या ऊदमांजरांना लागण होण्याची शक्यता सुमारे तिप्पट असल्याचं २००२च्या अभ्यासात दिसलं होतं. हवाई बेटांवरच्या दुर्मीळ मंक सीललाही याच परजीवीचा मोठा धोका आहे.

आणि न्यूझीलंडच्या शेतकऱ्याला तर हा परजीवी डॉल्फिनांच्या आधीपासून ठाऊक आहे. मेंढ्यांचे गर्भ याच्यामुळे पडतात, हे तिथल्याच पशुवैद्यांनी १९५०च्या दशकात शोधून काढलं. मेंढ्यांसाठीची लसही १९८०च्या दशकात तिथेच तयार झाली. मेंढीला लस टोचता येते. लाटांमधल्या डॉल्फिनला कोण आणि कशी टोचणार?

सगळेच परजीवी वाईट नसतात

इथे एक गैरसमज दूर करू या. परजीवी म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण रानातल्या प्रत्येक प्राण्याच्या अंगात थोडेफार परजीवी असतातच. डॉल्फिनच्या पोटात जंत असतात, फुप्फुसात कृमी असतात आणि धडधाकट डॉल्फिन त्यांच्यासकट आयुष्य काढतो. हजारो पिढ्यांची ती जुनी ओळख आहे.

इतकंच नाही, तर काही परजीवी समुद्र ठीक असल्याची खूण असतात. अनिसाकिस नावाच्या जंताचं उदाहरण घ्या. त्याची अंडी पाण्यात पडतात, पिल्लं छोट्या कोळंबीसारख्या जिवांत शिरतात, तिथून माशांत आणि शेवटी डॉल्फिन किंवा देवमाशाच्या पोटात जाऊन मोठी होतात. या साखळीतली एक कडी जरी तुटली, तरी तो जंत जगू शकत नाही. म्हणजे तो आहे याचा अर्थ कोळंबी आहे, मासे आहेत, डॉल्फिनही आहेत.

टॉक्सोप्लाझ्मा मात्र समुद्राच्या घरातला नाही. तो जमिनीवरून वाहत आलेला आहे. म्हणून तो समुद्राबद्दल जितकं सांगतो, त्याहून जास्त जमिनीबद्दल सांगतो. आपल्या नद्या कशा आहेत, किनाऱ्यावरची झाडं कुठे गेली, पाणथळ जागा कोणी बुजवल्या. न्यूझीलंडने गेल्या दीड-दोनशे वर्षांत आपल्या सुमारे ९० टक्के पाणथळ जागा शेतीसाठी आणि वस्तीसाठी संपवल्या. लव्हाळी आणि गवताने भरलेली दलदल म्हणजे निसर्गाची गाळणी. पाणी तिथे रेंगाळतं, गाळ खाली बसतो आणि त्याबरोबर हे कणही अडकतात. गाळणीच काढून टाकली तर चहात चोथा येणारच.

तिसरा थांबा : रॅग्लन

आता थोडी आनंदाची बातमी. हॅमिल्टनपासून पश्चिमेला ४८ किलोमीटरवर रॅग्लन हे गाव आहे. मावरी नाव फाइंगारोआ. जगभरचे सर्फर इथल्या मानू बेच्या लांबलचक लाटांसाठी येतात. गावात छोटी कॉफीची दुकानं आहेत, हस्तकलेच्या वस्तू आहेत आणि खाडीवरच्या पुलावरून पाण्यात उड्या मारणारी पोरं आहेत.

पण खरी बघण्याजोगी गोष्ट आहे खाडीकडे येणाऱ्या ओढ्यांच्या काठावर. १९९५ साली गावकऱ्यांनी ‘फाइंगारोआ हार्बर केअर’ नावाची संस्था सुरू केली. तेव्हा खाडी गाळाने भरत चालली होती. त्यांनी शेतकऱ्यांना सोबत घेतलं. ओढ्यांच्या काठाने कुंपण घातलं, म्हणजे गुरं पाण्यात उतरणार नाहीत. आणि कुंपणाच्या आत देशी झाडं लावली. एक-दोन नाही, दहा लाखांहून जास्त.

ही झाडं कोणी डॉल्फिनसाठी लावली नव्हती. खाडी स्वच्छ व्हावी, मासे परत यावेत, एवढीच इच्छा होती. पण मातीला धरून ठेवणारी तीच मुळं त्या अदृश्य कणांनाही वाटेत अडवू शकतात. मावरी लोकांची एक जुनी दृष्टी आहे, डोंगरापासून समुद्रापर्यंत सगळं एकच. रॅग्लनच्या ओढ्याकाठी चालताना ती पटते.

चौथा थांबा : अकारोआ

‘इतक्या लांब आलो आणि डॉल्फिन नाहीच बघायचा का?’ असं मुलं विचारतीलच. तर मग विमान पकडा आणि दक्षिण बेटावर क्राइस्टचर्चला उतरा. तिथून दीड तासावर अकारोआ आहे. विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरात समुद्र शिरून तयार झालेलं हे बंदर. १८४० साली इथे फ्रेंच वसाहतवाले उतरले, त्यामुळे रस्त्यांची नावं आजही फ्रेंच आहेत.

इथून परवाना असलेल्या बोटी रोज समुद्रात जातात आणि हेक्टर डॉल्फिन बहुतेक वेळा भेटतात. आधी पाण्यातून एक गोल काळा पर वर येतो. मग दुसरा. मग बोटीच्या नाकाशी चार-पाच जण गिरक्या घेऊ लागतात. इतर डॉल्फिनांसारखी शीळ हे घालत नाहीत. त्यांचे आवाज इतक्या उंच पट्टीतले असतात, की आपल्या कानांना ऐकूच येत नाहीत. त्यामुळे ऐकू येतो तो फक्त त्यांचा श्वास.

या पाण्याची एक कहाणी आहे. ओटागो विद्यापीठाचे स्टीव्ह डॉसन आणि एलिझाबेथ स्लूटन १९८०च्या दशकापासून इथल्या डॉल्फिनांचे फोटो काढून एकेकाला ओळखत आले आहेत. जाळ्यांत किती डॉल्फिन मरतात हे त्यांच्या कामामुळे समोर आलं आणि १९८८ साली हा भाग संरक्षित झाला. पुढच्या वीस-बावीस वर्षांच्या नोंदींवरून दिसलं, की डॉल्फिनांचं वर्षभर जगून राहण्याचं प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी वाढलं. आकडा छोटा वाटतो, पण सावकाश वाढणाऱ्या प्राण्यासाठी तो जगणं आणि संपणं यांतला फरक असू शकतो.

मांजर की जाळी?

आता वादाकडे येऊ. २०२० साली न्यूझीलंड सरकारने डॉल्फिन वाचवायचा नवा आराखडा आणला. जाळ्यांवरची बंदी वाढवली आणि त्याबरोबर टॉक्सोप्लाझ्मोसिससाठी वेगळा कृती आराखडाही केला. एखाद्या देशाने सागरी प्राण्यासाठी मांजराच्या परजीवीवर योजना आखावी, ही तशी नवलाचीच गोष्ट.

पण काही शास्त्रज्ञ आणि निसर्गप्रेमी सावध आहेत. ते म्हणतात, मांजरांकडे बोट दाखवून जाळ्यांचा विषय मागे पडू नये. जाळी आज थांबवता येते, मातीतला परजीवी एका रात्रीत जात नाही. दुसरी बाजू म्हणते, एकेक डॉल्फिन मोलाचा आहे, मग एका कारणाकडे डोळेझाक कशी करायची? दोघांचंही म्हणणं खरं आहे. ५४ जणांचं कुटुंब असेल, तर ‘आधी कोणता धोका’ हा प्रश्नच चैनीचा ठरतो.

२०२५च्या नोव्हेंबरात सरकारने जाहीर केलं, की २०५०पर्यंत उंदीर, स्टोट आणि पॉसम यांच्यापासून देश मुक्त करण्याच्या मोहिमेत रानमांजरांचाही समावेश होईल. घरच्या मांजरांना त्यात धक्का नाही. तरीही चर्चा तापलीच. मांजर हा कुणाच्या मांडीवरचा जीव आहे, तर कुणाच्या दृष्टीने पक्ष्यांचा आणि डॉल्फिनांचा काळ. मांजराचा मात्र यात काही दोष नाही. त्याला जहाजातून कोणी आणलं, पिल्लांना रानात कोणी सोडलं, हे आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या घरी काय?

ही सगळी गोष्ट हजारो मैल दूरची वाटेल. पण जरा आपल्या पाण्याची वाट आठवून बघा. पुण्यातल्या नाल्याचं पाणी मुठेत, मुठेचं भीमेत, भीमेचं कृष्णेत आणि कृष्णेचं बंगालच्या उपसागरात. नाशिकची गोदावरीही तिकडेच. घर इंदूरला असो, हैदराबादला असो की बडोद्याला, अंगणातून निघालेल्या पाण्याला शेवटी समुद्रच माहीत आहे.

घरात मांजर असेल तर या साध्या गोष्टी पाळा :

मांजराची विष्ठा शौचालयात टाकू नका. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातही हे कण तग धरू शकतात. पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका.

वाळूचा ट्रे रोज साफ करा. कण बाहेर पडल्यावर रोगट व्हायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. रोजची सफाई ही घरातल्या माणसांसाठी सगळ्यात सोपी खबरदारी.

कच्चं मांस खाऊ घालू नका. जमेल तितकं घरात ठेवा. शिकार कमी, तर लागण कमी.

नसबंदी करून घ्या. नको असलेली पिल्लं रस्त्यावर सोडणं हे पाप तर आहेच, शिवाय इथूनच मोकाट मांजरांची संख्या वाढते.

घरात कोणी गरोदर असेल, तर ट्रेचं काम दुसऱ्याने करावं. बागकाम करताना हातमोजे घालावेत, भाज्या नीट धुवाव्यात, मांस पूर्ण शिजवावं. पण सुनेला दिवस गेले म्हणून मांजराला घराबाहेर काढायची गरज नाही. मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, तेही थोडे दिवस हे कण सोडतं. त्याला कुरवाळल्याने आजार होत नाही. मनात शंका असेल तर डॉक्टरांशी बोला.

निघण्यापूर्वी

या किनाऱ्यासाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. तेव्हा तिथे उन्हाळा असतो. सिंगापूर किंवा ऑस्ट्रेलियामार्गे ऑकलंडला पोचता येतं. पिहा, पोर्ट वायकाटो आणि रॅग्लनसाठी गाडी भाड्याने घेणं सोयीचं. आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवतात, त्यामुळे अडचण नाही.

विमानतळावर एक गोष्ट लक्षात ठेवा. बॅगेत लाडू, चिवडा, लोणचं, काहीही खाण्याचं असेल तर फॉर्मवर लिहा. न लिहिल्यास जागेवरच ४०० डॉलर दंड होतो. बुटांना चिखल असेल तर घरूनच धुऊन न्या. बाहेरून आलेल्या एखाद्या जिवाने काय होऊ शकतं, हे या देशाने फार महाग किंमत मोजून शिकलं आहे. तो दंड वाचताना राग येणार नाही, कारण आता तुम्हाला त्यामागची गोष्ट माहीत आहे.

बोटीवर असाल तर नावाड्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणू नका. डॉल्फिनपासून ३०० मीटरच्या आत बोटीने सावकाशच जायचं, आणि एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी नकोत, असा तिथला कायदा आहे. तुमच्या नशिबाने पश्चिम किनाऱ्यावर गोल पराचा डॉल्फिन दिसलाच, तर फोटो काढा, वेळ आणि जागा लिहून ठेवा आणि निसर्गसंवर्धन खात्याला कळवा. फक्त ५४ जण असताना एका पर्यटकाची एक नोंदही कामाची ठरते.

आणि नाही दिसला, तरी मुलांना नदीचं मुख जरूर दाखवा. शाळेच्या पुस्तकात नदी समुद्राला मिळते, हे एका ओळीत संपतं. तिथे उभं राहिलं की कळतं, नदी एकटी मिळत नाही. वाटेतली सगळी गावं, शेतं आणि अंगणं ती बरोबर घेऊन येते.